कुलूप नसलेली कोठडी: घानातल्या त्रोकोसी बायका सुटल्या कशा?

(या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे म्हणजे’ तेवढे काढलेत, बाकी बोलले तसंच ठेवलंय.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर हॉस्टेलच्या खोलीत पंख्याकडे बघत पडला असाल, पुढची वीसेक मिनिटं मला द्या. आजचा विषय जरा जड आहे, पण मी तो नीट, सावकाश सांगणार आहे. यात लहान मुलींवर झालेल्या अत्याचाराचा उल्लेख येतो. तपशिलात जाणार नाही, तरी शेजारी घरातली लहान मुलं असतील तर हेडफोन लावा.

आज आपण घानाला जातोय. फुटबॉल बघणाऱ्यांना पश्चिम आफ्रिकेतला हा देश माहीत असेल, आणि चॉकलेट खाणाऱ्यांनी तिथला कोको नकळत खाल्लाच असेल. देशाच्या आग्नेय कोपऱ्यात व्होल्टा नदी समुद्राला मिळते. तिच्या दोन्ही अंगाला आणि पुढे शेजारच्या टोगो देशात एवे भाषा बोलणारा समाज राहतो. त्यांच्या भाषेत एक शब्द आहे, ‘त्रोकोसी’. ‘त्रो’ म्हणजे देवता. ‘कोसी’ म्हणजे काय, यावरून मात्र आजही भांडण आहे. कोणी त्याचा अर्थ ‘दासी’ किंवा ‘गुलाम’ असा लावतं, तर कोणी ‘देवाची बायको’ असा. त्या भांडणाकडे आपण नंतर येऊ.

आधी एक प्रश्न डोक्यात ठेवा. ज्या देवस्थानांत या मुली राहायच्या, तिथे बहुतेक ठिकाणी उंच भिंत नाही, फाटकावर पहारेकरी नाही. मुली पाणी आणायला बाहेर जातात, शेतावर जातात. मग त्या पळून का जात नाहीत? या प्रश्नाचं उत्तर कळलं की त्यांना सोडवायला गेलेल्या ख्रिस्ती संस्थांनी जे केलं ते का केलं, हेही कळतं.

मुलगी देतात ती कशासाठी?

समजा, एका घरात लागोपाठ मृत्यू व्हायला लागले. धडधाकट माणसं जातायत, आजाराचं निदान होत नाही. घरचे जाणत्याकडे जातात. आपल्याकडे देवऋषीकडे जाऊन कौल लावतात ना, तसंच. तो सांगतो की तुमच्या घराण्यात कोणीतरी गुन्हा केलाय आणि देवता कोपली आहे. गुन्हा चोरीचा असेल, व्यभिचाराचा असेल, खुनाचा असेल. करणारा जिवंत असेल किंवा दोन पिढ्यांपूर्वी मेलेलाही असेल. देवतेला शांत करायचं तर त्या घरानं एक मुलगी देवस्थानाला द्यायची. ती कुमारी हवी, म्हणून वयात न आलेली मुलगी निवडली जाते. कधी आठ वर्षांची, कधी दहा, कधी त्याहून लहान.

म्हणजे बघा, गुन्हा एकाचा आणि शिक्षा भोगणारी भलतीच. तिला बहुतेक वेळा कारणही ठाऊक नसतं.

देवस्थानात गेल्यावर ती अंगण झाडते, पाणी भरते, पुजाऱ्याच्या शेतात राबते. पीक येतं ते तिचं नसतं. अनेक ठिकाणी तिच्या जेवणाचा शिधासुद्धा तिच्या माहेरून यायचा असतो, आणि माहेर गरीब असलं की ती उपाशी. शाळेचं नाव नाही. वयात आली की पुजाऱ्याचा तिच्या शरीरावर हक्क मानला जातो. मुलं झाली की त्यांना सांभाळायची जबाबदारी तिच्यावर किंवा तिच्या माहेरावर. आणि ती मेली तर? तर त्या घराण्यानं तिच्या जागी दुसरी मुलगी द्यायची. काही देवस्थानं ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर बाईला घरी जाऊ देत. तरी देवतेशी तिचा धागा तुटला असं धरत नसत.

ज्युलियाना डॉगबाद्झी हे नाव लक्षात ठेवा. तिला सातव्या वर्षी देवस्थानात पाठवलं गेलं. कारण काय, तर तिच्या आजोबांवर चोरीचा आळ होता. रक्कम किती? अमेरिकन हिशोबात सुमारे दोन डॉलर. तिनं त्या जागेतून पळून जायचा प्रयत्न केला, आणि अखेर सुटली तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पुढे ती स्वतः याच प्रथेविरुद्ध उभी राहिली, गावोगाव जाऊन बायकांशी बोलली. १९९९ साली तिला रीबॉक मानवी हक्क पुरस्कार मिळाला. तिनं स्वतःचं नाव लावून जगासमोर हे सांगितलं, म्हणून मीही तिचं नाव घेतेय. बाकीच्या हजारो बायकांची नावं त्यांच्याकडेच राहू देत.

मग कुलूप कुठे होतं?

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. पळून का जात नाहीत?

कल्पना करा, तुम्ही बारा वर्षांच्या आहात. पळालात तर जाणार कुठे? आपल्याच घरी. पण तुमची आईच तुम्हाला परत आणून सोडते. तिला तुमच्याविषयी माया नाही असं नाही. तुम्ही घरी राहिलात तर तुमचा धाकटा भाऊ मरेल, असं तिला मनापासून वाटतं. आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही तसंच वाटतं. तुम्ही लहानपणापासून हेच ऐकलंय. त्यात योगायोगानं गावात कोणी मेलं, तर ते तुमच्याच माथी येतं.

म्हणजे बांधून ठेवणारा पुजारी एकटा नाही. आई आहे, मामा आहे, गाव आहे, आणि त्या मुलीचं स्वतःचं मनही आहे. कोठडीला कुलूप नाही कारण गरजच नाही.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्या डोक्यात ‘सुटका’ म्हटलं की सिनेमाच येतो. रात्री गाडी येते, दार तोडतात, मुलीला उचलून नेतात, पार्श्वसंगीत वाजतं. रीलवर ते छान दिसतं. पण त्रोकोसीच्या बाबतीत असं केलं तर दुसऱ्या दिवशी काय होईल? घरचे घाबरून तिलाच परत आणतील. नाहीतर तिच्या धाकट्या बहिणीला नेऊन देतील, कारण देवतेचं देणं त्यांच्या लेखी अजून बाकीच आहे.

कायदा आला, पण...

कायदा नव्हता का? होता की. घानाच्या १९९२ च्या राज्यघटनेत गुलामगिरीला बंदी आहे. माणसाच्या प्रतिष्ठेला किंवा शरीरमनाला इजा करणाऱ्या रूढींनाही बंदी आहे. तरी प्रथा चालूच होती. मग १९९८ साली घानाच्या संसदेनं फौजदारी कायद्यात दुरुस्ती केली. कायदा क्रमांक ५५४. त्यानं कलम ३१४ अ घातलं. कोणत्याही व्यक्तीला धार्मिक विधीच्या किंवा रूढीच्या नावाखाली दास्यात ठेवणं हा गुन्हा, आणि शिक्षा कमीत कमी तीन वर्षं तुरुंगवास.

या कलमातली एक गोष्ट बघा. मुलीला ठेवून घेणारा जसा गुन्हेगार, तसा पाठवणाराही गुन्हेगार. विधीत भाग घेणारासुद्धा. कायदा म्हणून हे बरोबरच आहे. पण आता तक्रार करणार कोण? मुलगी तक्रार करेल तर तिचाच बाप आत जाईल. शेजारी करेल तर त्याला देवतेची भीती. आणि गावातला पोलीस? तोही त्याच समाजातला, त्याच्याही घरात म्हातारी आजी आहे, जी सांगते की त्या देवस्थानाच्या वाटेला जाऊ नकोस. त्यामुळे या कलमाखाली खटले जवळजवळ झालेच नाहीत, अशी तक्रार मानवी हक्कांसाठी काम करणारी मंडळी सतत करत आली आहेत.

त्यातून एवे समाज एका देशात मावत नाही. वसाहतवाल्यांनी आखलेली सीमा त्यांच्या मधूनच जाते. घानाचा कायदा घानाच्या हद्दीत संपतो. देवता मात्र दोन्हीकडे तीच.

पाळक आणि पुजारी एका बाकावर

आता मुख्य भाग. १९९० च्या दशकात या प्रथेविरुद्ध जी माणसं उभी राहिली, त्यांत ख्रिस्ती मंडळी पुढे होती. मार्क विज्डम नावाचे एक बाप्टिस्ट धर्मोपदेशक होते. त्यांनी या बायकांच्या मुक्तीसाठी एक चळवळ उभारली आणि देवस्थानांवर उघड टीका केली. दुसरी संस्था ‘इंटरनॅशनल नीड्स घाना’. ही ख्रिस्ती सेवासंस्था, आणि तिचे त्या काळातले प्रमुख रेव्हरंड वॉल्टर पिम्पाँग. घानाचा मानवी हक्क आयोगही यात सोबत होता. मला सगळ्यात जास्त रस आहे तो इंटरनॅशनल नीड्सच्या पद्धतीत, कारण त्यांनी आपल्या कुलपाच्या प्रश्नाचं उत्तर ओळखलं होतं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. भीती ज्यानं घातली त्यानंच ती काढली तर ती निघेल. बाईला बाहेरच्या पाळकानं ‘तू मोकळी’ म्हणून सांगितलं, तर तिचा विश्वास बसणार नाही, तिच्या आईचा तर नाहीच. पण ज्या पुजाऱ्यानं तिला बांधलं, त्यानंच सगळ्या गावासमोर, त्याच देवतेसमोर ‘हिचं देणं फिटलं’ असं सांगितलं तर?

म्हणून या लोकांनी देवस्थानाचं दार तोडलं नाही, ते ठोठावलं. पुजाऱ्याकडे गेले, गावच्या प्रमुखांकडे गेले, वडीलधाऱ्यांशी बोलले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कधी महिने लागले, कधी वर्षं. कायदा सांगितला, मुलींची अवस्था सांगितली, आणि मग विचारलं की देवतेला मुलगीच हवी का? दोष फेडायला बैल चालेल का, बकरी चालेल का, पैसे चालतील का? अनेक देवस्थानांनी अखेर ते मान्य केलं. इथून पुढे मुलगी घेणार नाही, जनावर किंवा पैसे घेऊ, असं ठरलं. लेखी करार झाले. देवस्थानाला मोबदला म्हणून गुरं आणि रक्कम दिली गेली.

मग मुक्तीचा दिवस. गाव जमलेलं, प्रमुख आलेले, सरकारी माणसं, संस्थेचे लोक. पुजारी आपल्या पद्धतीनं विधी करतो आणि त्या बायकांना मोकळं करतो. त्यांना मुक्तीचा दाखला मिळतो. हातात कागद असणं साधी गोष्ट वाटेल तुम्हाला, पण उद्या कोणी म्हणालं की तू देवाची आहेस, तर दाखवायला काहीतरी आहे. संस्थेच्या हिशोबानं अशा रीतीनं दोन हजारांहून जास्त बायका मोकळ्या झाल्या.

इथे मला एक गोष्ट फार विलक्षण वाटते. हे ख्रिस्ती पाळक त्या देवतेला मानत नाहीत. त्यांच्या श्रद्धेनुसार तिची पूजा चुकीची. आणि तरी ते तिच्याच पुजाऱ्याला सांगतायत की तुझा विधी कर, तुझ्या देवतेला विचार, तिच्याकडून हिला मोकळं करून घे. यासाठी स्वतःच्या मताला थोडा वेळ बाजूला बसवावं लागतं. बाई महत्त्वाची की आपलं बरोबर असणं महत्त्वाचं, असा तो प्रश्न आहे. त्यांनी बाईला पुढे ठेवलं.

पण पैसे द्यायचे? खरंच?

आता तुमच्यापैकी कोणी तरी म्हणेल, थांब. ज्यानं मुलींवर अत्याचार केले, त्यालाच गुरं आणि पैसे? हे तर बक्षीस झालं!

आक्षेप खरा आहे. घानातही तो घेतला गेला. गुन्हेगाराला मोबदला दिला तर कायद्याला काय किंमत उरली? शिवाय पैसे मिळतायत म्हटल्यावर उद्या कोणी खोटीच यादी पुढे करणार नाही कशावरून?

मी यावर बराच विचार केला. माझं मत सांगते, तुम्ही वेगळं ठरवू शकता. न्याय म्हणून बघितलं तर पुजाऱ्याला तुरुंगच हवा. पण समोर तीस वर्षांची एक बाई बसली आहे, तिला चार मुलं आहेत, आणि तिला आज घरी जायचंय. न्यायाची वाट बघत ती आणखी दहा वर्षं तिथेच राहिली, तर त्या न्यायाचा तिला काय उपयोग? आणि पुजारी तुरुंगात गेला म्हणून तिची भीती जात नाही. उलट देवता आणखी कोपली असंच तिला वाटेल. म्हणून मला वाटाघाटीचा रस्ता पटतो. मात्र एका अटीवर. हा मोबदला एकदाच, करार उघड, आणि त्यानंतर पुन्हा मुलगी घेतली तर थेट कलम ३१४ अ. कायदा मागे उभा आहे म्हणून तर पुजारी बोलायला बसतो. नुसती गोड बोलणी आणि मागे काहीच नाही, असं असतं तर त्यानं चहा पाजून परत पाठवलं असतं.

सुटल्यानंतरची सकाळ

मुक्तीच्या दिवसाचे फोटो छान येतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय?

ती बाई आठव्या वर्षी आत गेली आणि पस्तिसाव्या वर्षी बाहेर आली. लिहिता-वाचता येत नाही. स्वतःचे पैसे कधी हातात धरलेले नाहीत. बाजारात भाव करायचा म्हणजे काय, ठाऊक नाही. आई-बाप वारलेले असू शकतात. भाऊ-भावजय तिला बघून दचकतात. मुलांच्या कागदांवर बापाचं नाव काय लिहायचं?

म्हणून व्होल्टा भागात अदिदोमे नावाच्या गावी इंटरनॅशनल नीड्सनं प्रशिक्षण केंद्र चालवलं. तिथे सुटलेल्या बायका शिवण शिकल्या, पाव भाजायला शिकल्या, केस विंचरण्या-गुंफण्याचा धंदा शिकल्या, कापड रंगवायला शिकल्या. या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे बघा. ही कामं गावात विकली जातात. पाव घ्यायला तिच्याकडे शेजारीण येते. काल ज्या बाईच्या सावलीला लोक घाबरत होते, आज तिच्या हातचा पाव खातात. समुपदेशन, गटात बसून बोलणं, मुलांना शाळेत घालणं, घरच्यांची समजूत काढणं हे सोबत होतंच. मुलांची शाळा तर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्या मुलीनं कलमं वाचली, तिला उद्या कौलाच्या जोरावर कोण कुठे पाठवणार?

यात एक खाचही आहे. मदत करणारी संस्था धर्माची असेल तर बाईच्या मनात येणारच की, यांनी मला सोडवलं, आता मी यांच्या चर्चला जायलाच हवं का? एका देवाच्या देण्यातून सुटून दुसऱ्याच्या देण्यात सापडले, असं तिला वाटता कामा नये. शिवणयंत्र आणि प्रार्थना या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवता आल्या, बाईला ‘नको’ म्हणायची मोकळीक राहिली, तर ती सेवा. ही कसोटी कोणत्याही धर्माच्या संस्थेला लावा, आपल्या गल्लीतल्या संस्थेलाही लावा.

दुसरी बाजूही ऐका

आता ते शब्दाचं भांडण. घानात ‘आफ्रिकानिया मिशन’ नावाची संघटना आहे. १९८२ साली व्हिन्सेंट दामुआ यांनी ती स्थापन केली. हे स्वतः आधी कॅथलिक धर्मगुरू होते, आणि मग चर्च सोडून आफ्रिकेच्या मूळ धर्माचा अभिमान परत आणायला निघाले. त्रोकोसीच्या वादात या संघटनेनं ठाम भूमिका घेतली. त्यांचं म्हणणं असं की या बायका गुलाम नाहीत, त्या मान असलेल्या स्त्रिया आहेत, देवस्थानं म्हणजे परंपरेच्या शाळा आहेत, आणि ख्रिस्ती संस्था परदेशी पैसा मिळवायला आमच्या धर्माची बदनामी करतायत.

हा संशय उगाच आलेला नाही. एवे भागात जर्मनीच्या ब्रेमेन शहरातले मिशनरी १८४७ पासून काम करत होते. त्यांनी भाषेचं मोठं काम केलं, शाळा काढल्या, आणि त्याच वेळी तिथल्या जुन्या देवतांना सरसकट सैतानाच्या खात्यात टाकलं. दीडशे वर्षं ‘तुमचं सगळं वाईट’ ऐकलेल्या माणसाला पुन्हा एक पाळक येऊन ‘तुमची ही प्रथा वाईट’ म्हणाला की राग येणारच.

आणि हेही खरं की सगळी देवस्थानं सारखी नाहीत. काही ठिकाणी देवतेशी बांधलेल्या बाईला मान असतो, ती घरी राहते, लग्न करते. सगळ्यांना एकाच काठीनं मोजलं तर अन्याय होईल.

पण मग मोजायचं कसं? माझ्या मते तीन साधे प्रश्न पुरे आहेत. ती स्वतःच्या मर्जीनं आली का? तिला जायचं असेल तर ती जाऊ शकते का? आणि तिच्या कामाचा मोबदला कोणाच्या हातात पडतो? सात वर्षांची मुलगी आजोबांच्या दोन डॉलरसाठी आत गेली असेल, तर तिला राणी म्हणा नाहीतर देवी म्हणा, उत्तर बदलत नाही.

आणि आपण?

हे ऐकताना तुमच्या मनात एक शब्द आला असेल. माझ्या तर पहिल्या पाच मिनिटांत आला. मी गडहिंग्लजच्या बाजूची. आमच्याकडे ‘देवीला सोडली’ हे शब्द मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची. सौंदत्तीची यल्लम्मा, गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, हातात परडी. देवदासी आणि त्रोकोसी एक नाहीत, हे आधी सांगते. तिकडे मुलगी गुन्ह्याचा दंड म्हणून जाते. इकडे नवसापोटी, आजारपणामुळे, किंवा केसात जट आली म्हणून सोडली जायची. पण न विचारता मुलीचं आयुष्य देवाच्या नावे लिहून टाकणं दोन्हीकडे आहे, आणि भीतीही दोन्हीकडे आहे.

कायदे आपल्याकडेही आले. मुंबई इलाख्यात १९३४ साली, मद्रासमध्ये डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींच्या लढ्यानंतर १९४७ साली, कर्नाटकात १९८२ साली, आणि महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा २००५ चा. आणि कायद्यांच्या मध्ये माणसं होती. १९७५ साली आमच्या गडहिंग्लजला बाबा आढावांच्या पुढाकारानं देवदासींची परिषद झाली. बायका स्वतः बोलल्या.

ख्रिस्ती सेवेचा धागाही इकडे आहे. एमी कारमायकेल ही आयरिश बाई १८९५ साली भारतात आली. १९०१ साली तमिळ मुलखात एक लहान मुलगी, जिला देवळाला वाहायचं घाटत होतं, पळून तिच्याकडे आली. पुढे डोहनावूर या गावी अशा मुलांसाठी मोठं घर उभं राहिलं. एमी १९५१ साली तिथेच वारली. तिची पद्धत वेगळी होती. मुलीला आत घ्यायचं, जुन्या जगापासून तोडून वाढवायचं. त्या काळी दुसरा मार्ग तिला दिसला नसेल. घानातल्या लोकांनी मात्र बाईला तिच्याच गावात, तिच्याच माणसांत परत बसवायचा घाट घातला. मला हा दुसरा रस्ता जास्त अवघड आणि जास्त टिकाऊ वाटतो, कारण त्यात गावालाही बदलावं लागतं.

आणि ही पद्धत आपल्याला परकी नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जट काढायला जातात, तेव्हा काय करतात? कात्री तर दोन मिनिटांचं काम. त्याआधी तासन् तास बोलतात. बाईशी, सासूशी, नवऱ्याशी. कापल्यावर घरात कोणी आजारी पडलं तर आम्हाला फोन करा, म्हणून नंबर देतात. म्हणजे आधी भीती सोडवायची, मग केस. घानातला पाळक आणि आपल्याकडचा विवेकवादी कार्यकर्ता, एकाचा देवावर पूर्ण विश्वास, दुसरा देवधर्माच्या नावानं चालणाऱ्या भीतीशी भांडणारा, पण दोघं एकाच निष्कर्षाला आले.

जाता जाता

म्हणून मंडळी, उद्या तुमच्या फोनवर ‘मंदिरातून मुलीची थरारक सुटका’ किंवा ‘आफ्रिकेतली भयानक प्रथा’ असा व्हिडिओ आला, तर फॉरवर्ड करण्याआधी दोन गोष्टी बघा. त्यात त्या मुलीचा चेहरा दिसतोय का? दिसत असेल तर पुढे पाठवू नका, तिला त्याच गावात राहायचंय. आणि त्यात दुसऱ्या दिवसाबद्दल काही सांगितलंय का? ती कुठे झोपली, काय खाल्लं, शाळेत गेली का? ते नसेल तर ती गोष्ट अर्धीच आहे.

आणि तुमच्या ओळखीत एखादी मुलगी ‘देवीला सोडायची’ चाललीये असं कानावर आलं, तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर लक्षात ठेवा. फुकट आहे, मुलीचं आयुष्य वाचू शकतं.

पुढच्या भागात काय ऐकायला आवडेल ते कळवा. हा भाग आवडला असेल तर घरातल्या एका मोठ्या माणसाला ऐकवा, आजीला ऐकवलात तर फारच छान. तिच्याकडे यावर सांगण्यासारखं आपल्यापेक्षा जास्त असेल. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.